एक कोतवाली, दोन सनदा

श्रीगजवदनाचे चरणी मस्तक ठेविले, ग्रामदेवतेची आज्ञा घेतली, मग लेखणी हाती धरिली. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, कार्तिक मासी एके राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे. शहरचे कोतवाल ज्वराने वारले. महाराज मुलुखगिरीस गेले होते, त्यांणी छावणीतून सुभानजी काटकर यांस कोतवालीची सनद दिली, आणि त्याच आठवड्यात शहरी दिवाणसाहेबांनी, छावणीचे वर्तमान ठाऊक नसता, भवानराव ढमाले यांस त्याच कोतवालीची सनद देऊन वस्त्रेही दिली, मग सुभानजी चावडीवर येतात तो भवानराव गादीवर बसलेले. हे म्हणती माझी सनद थोर, ते म्हणती माझा ताबा आधीचा. आणि या दोहोंत सापडले कोण, तर नरसो महादेव पोतनीस, खजिन्यातून पगार वाटणारे, साठीचे गृहस्थ. चुकीच्या माणसास पैका गेला तर पोतनिसाचे घर जप्त व्हावे, ऐसा त्या राज्यीचा कायदा.

महिना भरला आणि दोघेही पगारास आले. नरसोपंतांनी थैली पेटीत परत घातली आणि दिवाणांकडे गेले. दिवाणसाहेब विडा चघळीत बोलिले, "रिवाजाप्रमाणे करावे."

पंत म्हणाले, "साहेब, एका हुद्द्यास दोन धनी, ऐसा रिवाजच नाही."

"मग महाराजांस लिहावे."

पंतांनी छावणीस लिहिले, दीड महिन्याने उत्तर आले की दिवाणांस पुसावे, मग दिवाणांस पुसले तो म्हणाले की महाराजांचा विषय, आपण कैसे बोलावे. पंत घरी येऊन पाटावर बसले आणि भातास हात न लाविता उठले. ऐसे चार महिने गेले. फाल्गुनात भर दुपारी तेल्यांच्या आळीस आग लागली, आणि भवानराव जातीने आत शिरले, दोन लेकरे बाहेर काढिली, आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजून घेतला. तिसरे दिवशी त्यांच्या कुटुंबाने, गोजराबाईंनी, पोतनिशीचे दार गाठिले. म्हणाल्या, "पंतकाका, हुद्दा कोणाचा ते सावकाश ठरवा. हात तर आमच्याच घरचा भाजला ना? वैद्यास काय देऊ?" त्या गेल्या न गेल्या तोच सुभानजी आले, घोडे विकून पायी आलेले. म्हणाले, "सनद हाती आली म्हणोन जुनी चाकरी सोडिली. आता सनद चाटून पोट भरू काय?"

पंत कावले. "अहो, पैका मी खाल्ला नाही, पण शिव्या मीच खातो आहे!" ऐसे ओरडले, आणि मग मनाचा निग्रह करून, काम करितो त्यास द्यावे म्हणोन, भवानरावांस पगार दिला आणि हुद्दा आपला न ठरल्यास परत करू ऐसे लिहून घेतले.

वैशाखात महाराज परतले. न्यायाधीशांनी दोन्ही सनदा पाहून निवाडा केला की महाराजांची सनद खरी, कोतवाल सुभानजी, पगार हुद्द्याचा, आणि खजिना एका कामास दोनदा देणार नाही, सबब भवानरावांनी घेतलेले सुभानजींस द्यावे. भवानरावांनी हातावरचे फडके सोडिले. "माझेजवळ उरले ते हे," इतुकेच बोलिले. सुभानजींनी पाहिले आणि मान फिरविली. म्हणाले, "या हातातून मी घेणार नाही. पण माझी लेकरेही उपाशी आहेत."

तेव्हा दिवाणसाहेब हळूच बोलिले, "चुकीच्या माणसास पैका गेला. पोतनिसांनी घाई केली."

हे ऐकोन नरसोपंत उठले. "घाई? चार महिने मी या दारचा त्या दारी हिंडलो, एक अक्षर कोणी लिहून दिले नाही, आणि घाई मी केली? दोन सनदा काय माझ्या पेटीतून निघाल्या?" मग कंबरेच्या किल्ल्या सोडिल्या आणि महाराजांपुढे ठेविल्या. "ही पोतनिशी आजच दुसऱ्यास द्यावी, महाराज. पण कृपा करून एकासच द्यावी."

महाराजांनी दिवाणांकडे पाहिले आणि दिवाणांनी गालिच्याकडे. मग महाराज बोलिले की सुभानजींचा पगार निम्मा आमचे खाजगीतून, निम्मा दिवाणांचे घरातून, आणि भवानरावांनी घेतले ते त्यांचेच, आणि किल्ल्या पंतांनी उचलाव्या. पंतांनी लागलीच उचलिल्या नाहीत. आधी हुकूम लेखी मागितला, शिक्का वाळेपर्यंत उभे राहिले, मग उचलिल्या.

एवंच, पगार हुद्द्याचा खरा, परंतु एक हुद्दा दोघांस वाटिला तर त्याचा भुर्दंड वाटणारानेच सोसावा. ऐकिले तैसे लिहिले, अधिकउणे असल्यास दोष लिहिणाराचा.