मयत कवाचं?

घोडेगावच्या बाजारात लोक माशाचा भाव विचारायचे. आमचे शेजारी शिवरामतात्या विचारायचे, "मयत कवाचं?"

विकणारी चक्रावून बघत राही. तोवर तात्या रोहूचे कल्ले उचलून आत डोकावत, पोटावर बोट दाबत. बोटाचा खळगा तसाच राहिला की निकाल लागायचा, "ह्याचं दहावं घाला. कालवण नको." एक मावशी तर तात्या दिसले की पाटीवर गोणपाट ओढायची. तात्या लांबूनच म्हणायचे, "झाकून ताजा व्हत न्हाई, माये!"

तात्या एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. घरात एकटे. कुणी जेवायला बोलावलं तर पाटावर बसण्याआधी चुलीपाशी जाऊन चौकशी, "आणला कवा? ठिवला कुठं? दोन तासाच्या वर भायेर ऱ्हायला का?" कोणती घरधनीण हे ऐकून घेईल? हळूहळू बोलावणी बंद झाली.

नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यातली गोष्ट. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या डोंगरातल्या माणसांची सभा आम्ही आमच्या अंगणात भरवली होती. पत्रक मी लिहिलं होतं, मुख्य भाषणही माझंच होतं. जलाशयात मासे धरणाऱ्या मंडळींनी सकाळी आठलाच दोन पाट्या मासे पाठवले. साठ माणसांचं जेवण! सभा संपली की कालवण टाकायचं ठरलं.

घरात नवा फ्रिज होता. पण आई माळकरी. तिनं फ्रिजला पाठ लावून सांगितलं, "यात मासा गेला तर मी घराभायेर." जगातल्या सगळ्या रूढींविरुद्ध पत्रकं काढणारा मी, आईसमोर अवाक्षर बोललो नाही. पाट्या ओसरीवर गेल्या, पत्र्याखाली, ओल्या गोणपाटात.

सभा अकराला सुरू झाली. मी उभा राहिलो तो दोन वाजता बसलो. मागं चुलीवर पाणी ठेवलेलं, मसाला वाटलेला. तेवढ्यात तात्या आले. ओसरीवर वाकले, कल्ले उचलले, बोट दाबलं. मग दोन्ही पाट्या ओढत नेल्या आणि उकिरड्याच्या खड्ड्यात पालथ्या केल्या. वर फावड्यानं माती.

मी धावलो. "तात्या, गरिबाचं अन्न आहे ते! चांगलं खळखळून उकळलं असतं, काही होत नाही!"

डोंगरातून आलेली एक म्हातारी पहाटेपासून चालत होती. ती कडाडली, "तोंडचा घास काढला मेल्यानं!"

मी तात्यांना नको ते बोललो. सगळ्यांसमोर. तात्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"उकळून समदं जात न्हाई," ते म्हणाले. "मी बी आसंच म्हणलो व्हतो. आमच्या आईच्या सोवळ्यापायी माझ्या बायकूनं मासा परसात ठिवलेला, दिसभर. माझी गाडी उशिरा आली. वास येतोय म्हणाली. म्हणलं, उकळ चांगला, काय व्हत न्हाई. मला भूक नव्हती, मी झोपलो. ती जेवली. तिसऱ्या दिशी गेली."

 

तात्या घरी गेले आणि बटाट्याचं अर्धं पोतं खांद्यावर टाकून आले. मग तांदूळ आणले. त्याच उकळत्या पाण्यात त्यांनी स्वतः रस्सा टाकला. चारला पंगत बसली. तात्या वाकून वाकून वाढत होते. "घ्या, बाई. लाजू नगा. गरम हाय."

त्या संध्याकाळी साठही माणसं आपापल्या पायांनी डोंगर चढून घरी गेली. मी आयुष्यात पुष्कळ पत्रकं लिहिली. त्यातल्या कशानं एका दिवसात इतक्या माणसांचं भलं झाल्याचं मला आठवत नाही. तात्यांचे आभार मात्र त्या दिवशी मला धड मानता आले नाहीत. शब्द माझा धंदा, आणि नेमके तेव्हाच सापडेनात.

त्या दुपारी पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्यावर तात्या आपली थाळी घेऊन चुलीकडे निघाले, सवयीनं, एकटेच जेवायला.

ती म्हातारी तरटावर सरकली. शेजारच्या बाईलाही तिनं कोपरानं सरकवलं आणि मोकळ्या जागेवर हात थोपटला.

"तिकडं कुठं निघाला, भाऊ? हितं बस आमच्यात."

तात्यांनी थाळी तरटावर ठेवली. मग बसले.