हकीकत शंखबेटाच्या झगड्याची, पापडांचे मोसमांत घडली ती

श्री तापीमाईचे चरणीं मस्तक ठेवून, मौजे सारंगखेडें येथील पाण्याचे टाकीमागील गल्लींत, चैत्रमासीं पापडांचे मोसमांत जें घोर रण माजलें, त्याची साद्यंत हकीकत लिहितों. लेखक कोणाचा मिंधा नाही. दोन्ही फौजांकडून यास लाट्या पावावयाच्या होत्या. लाटी म्हणजे उडदाच्या पिठाचा तेलांत घोळविलेला कच्चा गोळा, पापड होण्याआधींच जो खाऊन टाकावा आणि मग पोट धरून बसावें. परंतु एका पक्षाने अर्धी लाटी पाठविली, दुसऱ्याने ताटलीस नुसतें तेल लावून पाठविलें, सबब जें घडलें तेंच लिहिलें आहे. ज्यास घाई असेल त्याने घोडेबाजारांत जावें.

त्या गल्लींत राजमान्य राजश्री नर्मदाबाईसाहेब, केळीच्या मळ्याच्या धनीण, पापडाचे मसाल्यांत ज्यांचा शब्द अखेरचा, ऐशा नांदत होत्या. त्यांचे चिरंजीव भूपेंद्रराव नंदुरबारेस कचेरींत चाकरीस असत, सकाळचे एसटीने कूच करीत आणि दिवेलागणीस मुक्कामीं परतत. त्यांचें लग्न हिंवाळ्यांत धानोऱ्याच्या दीपमालाबाईंशीं जाहलें. आतां गल्लीचा शिरस्ता ऐसा कीं, नवी सून आली म्हणजे तीस नांव नाही. ती ‘नर्मदाबाईनी सून’. पाणी आलें तर ‘नर्मदाबाईनी सून, हंडा लाव’, कुत्रें शिरलें तर ‘नर्मदाबाईनी सून, हाकल त्याले’. धानोऱ्यास अर्धा गाव तीस दीपा, दिपू, दीपमाला ऐशा हाका मारी, आणि येथें मासचे मास लोटले तरी एकीनेंही नांव पुसलें नाही. भूपेंद्ररावांची एसटी गेली म्हणजे घर खावयास उठे. उघड लिहितों, त्यांत लाज कसली: ती पोर मोरींतला नळ मोठा सोडून रडत असे, म्हणजे सासूस ऐकू न जावें.

मग पापडांचा मोसम आला. या प्रांतीं पापड एकटीने लाटीत नाहीत. आज हिचे घरीं, उद्यां तिचे घरीं, ऐशा सगळ्या जणी आपापलें पोळपाट-लाटणें काखोटीस मारून जातात, आणि जीस हात मिळाले नाहीत तिचें पीठ संध्याकाळपावेतों दगड होऊन जातें. पहिले दिवशीं कौसाबाई म्हणोन गल्लींत सर्वांहून वडील, दांत गेलेली परंतु जीभ शाबूत ऐशी म्हातारी बोलली कीं, हात कामले शेतस, कान रिकामा शेतस, कोनी काही वाचा ना वं! तों दीपमालाबाईने माहेराहून आणिलेल्या ट्रंकेतून वर्तमानपत्राचें कव्हर घातलेला ग्रंथ काढिला. ‘शंखबेट’ नामें चार भागांची कादंबरी, तरण्या पोरीबाळींत फार गाजलेली. त्यांत मोरवी नांवाची मुलगी गलबत फुटोन एका बेटास लागते, तें बेट दर पुनवेस समुद्रांत बुडतें, आणि तेथले दोघे नावाडी जवान तिजवर जीव टाकतात. एकाचें नांव नीलकेत. दुसऱ्याचें नांव भूपेंद्र.

हाय हाय! त्या ग्रंथकर्त्यास एवढ्या दुनियेंत दुसरें नांव मिळालें नाही काय? नवी सून, समोर सासू बसलेली, भोंवतीं सगळी गल्ली, आणि तोंडावाटे नवऱ्याचें नांव काढावयाचें! धानोऱ्याच्या लेकीने तें कसें काढावें? सबब पोथी अहिराणींत सांगतां सांगतां जेथें जेथें तें नांव आलें, तेथें तेथें तिने ‘त्या’, म्हणजे मानाचें ‘ते’, म्हटलें, जैसें या देशीं सुना धन्यास म्हणतात, आणि पुढे गेली. ‘त्या भवरामा उडी टाकतस. त्या मोरवीवर कावतस. नीलकेत तिले मोती देस.’ एक ‘त्या’ म्हणतां मोहीम उभी राहिली.

कां कीं, गल्लीचे दोन तट पडले. नर्मदाबाईसाहेबांचा पक्ष म्हणे, बेटावर जवान दोन आहेत, एक तो नीलकेत आणि दुसरे कोणी थोर घरचे ‘त्या’. समोरील घरच्या जसोदाबाई, आवाजाने तोफ, कीं जीस लाऊडस्पीकर लावावा न लागे, त्यांचा पक्ष म्हणे, दुसरा कोणी नाहीच, नीलकेतासच ही पोर मधून मधून मान देऊन बोलते. मग तोच माणूस सकाळीं मोरवीवर ओरडतो आणि सांजेस मोती कैसा देतो, ऐसा सवाल नर्मदाबाईंनीं टाकिला. त्यास जसोदाबाईंनीं पोळपाटावर लाटणें आपटून उत्तर दिलें तें शब्दशः लिहितों:

“एकच माणूस शे तो! सकायले कावस, संध्याकायले गोड बोलस. मन्हा घरना बी तसाच शे!”

या वाक्यावर सभेंत मोठी खळबळ जाहली, आणि बऱ्याच विवाहित सरदारणी जागच्या जागीं त्या पक्षास फितूर जाहल्या. जसोदाबाईंची कन्या रुचिका नंदुरबारेस हॉस्टेलांत होती, तिजला फोन लाविला. तिने मोबाईलांत पाहून कळविलें कीं, आई, अठे बी पोरी भांडी ऱ्हायन्यात, दोन गट शेतस, कोनी पाच तारा देस, कोनी एक. जसोदाबाईंनीं निवाडा केला कीं, माणूस एकच असतां गट दोन पडतात, हें तर आमचे भाऊबंदकींत रोजचें आहे. आणि फोन ठेविला.

खुद्द वाचणारीस विचारावें, हें कोणास सुचलें नाही. सुनेस विचारण्याचा रिवाजच नव्हता. आणि ती तरी काय सांगणार? दुसऱ्याचें नांव काय म्हणोन पुसलें असतें तर तोंडावर पदर घेऊन आंत पळाली असती. वाचतां येणाऱ्या आणीकही होत्या, परंतु सर्वांचे हात तेलाचे, आणि नव्या सुनेच्या ट्रंकेतल्या वस्तूस हात लावणें हें त्या गल्लींत चोरीहून वाईट मानीत. मग तिसरा भाग जसोदाबाईंचे अंगणांत संपला, तेथें शब्दास शब्द लागला, नर्मदाबाई आपलें लाटणें घेऊन उठल्या, आणि जसोदाबाईंनीं फर्मान काढिलें कीं, उद्यां नर्मदाआक्कांच्या पापडास या दारचा हात जाणार नाही, आणि त्या पोथीचें तोंडही पाहणार नाहीं.

दुसरे दिवशीं नर्मदाबाईंचे घरीं उडीद मळला, कुटला, तेलाने मऊ केला, अंगणांत खाटा टाकून त्यांवर जुन्या साड्या पसरिल्या, आणि कोणी आलें नाही. फितूर तर आल्या नाहीतच, आणि पक्षाच्या म्हणविणाऱ्यांसही त्याच दिवशीं कोणास ताप, कोणास पाहुणे. आल्या एकट्या कौसाबाई, त्याही अर्ध्या लाटीचे आशेने. ऊन चढलें. परातींत पीठ आळूं लागलें. नर्मदाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. आणि दीपमालाबाईच्या मनांत आलें, कीं ज्या पोथीने ही गल्ली आपणास बोलूं लागली, तिच्याच पायीं ती तुटली. आतां पुन्हां मोरीचा नळ आणि आपण. मग तिने कौसाबाईंच्या कानास लागून खरें काय तें सांगितलें.

कौसाबाई इतक्या हंसल्या कीं सुपारी घशांत गेली. पाठींत धपके घालून त्यांस शुद्धीवर आणिलें. मग डोळे पुसून त्यांनीं मसलत दिली ती ऐसी: “अवं येडी, नाव लेवाले रस्ता नही का? उखाना ले! उखानामा पाप नही.”

त्याउपरि दीपमालाबाईने पदर खोंचिला, चौथा भाग छातीशीं धरिला, आणि भर दुपारीं उन्हांत गल्लीचे मध्यभागीं जाऊन उभी राहिली. लेखकाने मोठमोठ्या स्वाऱ्या ऐकिल्या आहेत, परंतु ओट्यावरून उतरून रस्त्याचे मध्यापावेतों एवढें लांब कूच कोणीं केल्याचें ठाऊक नाही. आणि तिने मोठ्याने म्हटलें:

“तापीना काठवर भरस घोडास्ना बजार,
भूपेंद्ररावस्नं नाव लेस, बठ्ठ्या ऱ्हा हजर!”

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या जणी, आणि उखाणा ऐकून घरांत बसवेल ऐशी बाई खानदेशांत जन्मली नाही. धडाधड दारें उघडलीं. तापवाली आली, पाहुणेवाली पाहुण्यांसकट आली. मग दीपमालाबाईने भर सभेंत खुलासा केला कीं, बेटावर जवान दोनच आहेत, दुसऱ्याचें नांव घरच्यांचेंच आहे, सबब ‘त्या’ म्हणत आलें. नर्मदाबाईंनीं भिंतीकडून तोंड फिरविलें. मग जो हंशा उठला तेणेंकरून खाटेखालचीं कोंबडीं उडालीं. जसोदाबाईंची शिकस्त जाहली, परंतु मुत्सद्दी बाई, त्यांनीं हार न म्हणतां तह मांडिला: आम्हीं लाटावयास येतों, मात्र चौथ्या भागांत तें नांव जितके वेळां येईल तितके वेळां उखाणा जाहला पाहिजे, एकही माफ नाही. तह कबूल जाहला, आणि सर्व फौज पोळपाटांसह अंगणांत उतरली.

मग काय पुसतां! एकीकडे पापड, एकीकडे समुद्र. बेटावर भवरा फिरला तों दीपमालाबाई म्हणे:

“उडीदनी लाटी, तिले तेलना हात,
भूपेंद्रराव उडी टाकतस भवराना आत!”

चार पानें वाचावीं तों पुन्हां नांव. माहेरचे उखाणे सरले, लग्नांतले सरले, मग जें डोळ्यापुढें येईल तें जोडीत चालली. शत्रूचें गलबत आलें तेव्हां ‘विसरवाडीनी बस उभी फाटावर, भूपेंद्रराव चढनात गलबतना शिडावर’ इथपर्यंत मजल गेली, आणि बायका लाटणीं टाकून टाळ्या पिटूं लागल्या. आपल्या पुत्राचें नांव ऐसें समुद्रांत गाजतांना ऐकून नर्मदाबाईंची छाती फुगली, आणि दर उखाण्यास त्या एक लाटी वाटीत गेल्या. लेखक त्या वेळीं दूर होता, हें त्याचें नशीब.

दिवेलागणीस शेवटचें पान आलें. पापड खाटांवर पसरले होते, परात रिकामी होत आली होती. आणि दीपमालाबाई वाचतां वाचतां थांबली. कां कीं शेवटचे पानीं मोरवी नीलकेताचा हात धरते, आणि दुसरा जवान किनाऱ्यावर एकटा उभा राहतो. तिने हळूं आवाजांत तें सांगितलें. अंगणांत सुतक पडलें. नर्मदाबाई कळवळून बोलल्या, “मन्हा पोऱ्यामा काय कमी व्हतं वं?” कौसाबाई समजूत घालूं लागल्या कीं, अवं, तो बेटवरना शे, तुन्हा नही. परंतु मातेचें हृदय, तें ऐकेना. त्यांत जसोदाबाईंनीं विजयाचा सूर काढिला, मी तर नीलकेतच म्हणी ऱ्हायनू व्हतू, आणि युद्ध पुन्हां पेटतें कीं काय ऐसा रंग दिसूं लागला.

त्या समयीं खुद्द भूपेंद्रराव एसटीने येऊन ओट्यावर पोंचले होते. कोपऱ्यापासून आपलें नांव ऐकत आले ते डबा हातीं धरून दाराशींच थिजले. इतक्या बायकांत शिरण्याची त्यांची छाती होईना. ते दीपमालाबाईसच दिसले, कोणास नाही. तिने पोथी मिटली, उभी राहिली, आणि कोणीं मागितला नसतां शेवटचा उखाणा घेतला:

“बेटवरनी पोर निंघी गई नीलकेतनी होडीवर,
मन्हा भूपेंद्रराव उभा शेतस आपला ओटावर!”

सर्व माना दाराकडे वळल्या. भूपेंद्ररावांचे हातून डबा पडला, त्याचें झांकण घरंगळत जसोदाबाईंच्या पायांशीं गेलें. नर्मदाबाईंचे डोळे भरले, आणि परातीच्या कडेस आपल्यासाठीं राखून ठेविलेली शेवटची लाटी त्यांनीं सुनेच्या तोंडांत घातली. कोणाचा नीलकेत आणि कोणाचा कोण, तो वाद तेथेंच बुडाला.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. पापड एकही तुटला नाही, पीठ वायां गेलें नाही, आणि बेटावरील जवान दोन होते हें उभय पक्षीं मान्य जाहलें. सर्वांत मोठी फत्ते दुसरे दिवशीं पहांटे नोंदली गेली, ती लिहून लेखणी ठेवितों. नळास पाणी आलें. जसोदाबाई आपल्या ओट्यावर आल्या, नित्याप्रमाणें हांक मारण्यास तोंड उघडिलें, ‘नर्मदा’ इतकें म्हणोन थांबल्या. मग सगळ्या गल्लीस जाग येईल ऐशा आवाजाने त्यांनीं हांक दिली:

“दीपमाला! ए दीपमाला! ये वं, पानी उनं!”