लाल म्हणजे चालू

तो ट्रान्समीटर संग्रहालयाच्या कपाटात सुखाने पडून होता. त्याला घरी न्यायचं काहीएक कारण नव्हतं. पण उद्या विश्वस्त येणार म्हटल्यावर गाइडबाईला वाटलं, एकदा घरी सराव केलेला बरा. (सराव केला की भीती जाते, असं तिला कॉलेजात शिकवलं होतं. सरावाचीच भीती वाटली तर काय करायचं, हे शिकवायचं राहून गेलं होतं.)

गाइडबाई हे नाव ऐकून कुणी भारदस्त बाई डोळ्यांसमोर आणू नये. ही वयाने लहान, अंगाने लहान आणि आवाजाने तर विचारूच नका. दाराची बेल वाजली की दचकायची. बेल स्वतःच वाजवली असली तरी दचकायची. जुन्या घरगुती वस्तूंच्या त्या संग्रहालयात लोकांना कुलपं, घड्याळं आणि कोळशाच्या इस्त्र्या समजावून सांगायच्या, ही तिची नोकरी. तात्पुरती. बघायला येणाऱ्यांची तक्रार एकच असे : बाई फार छान सांगत असाव्यात, कारण ओठ छान हलत होते.

"हा शेवटचा उपाय," क्युरेटर मॅडम ट्रान्समीटरची पेटी तिच्या हातात ठेवत म्हणाल्या होत्या. "उद्या विश्वस्तांना नीट ऐकू गेलं, तर तुम्ही कायम. नाही गेलं, तर दालनात रेकॉर्ड केलेला आवाज लावून टाकायचा, असं त्यांच्या मनात आहे. मग मलाही काही करता येणार नाही."

ती पेटी छातीशी धरून गाइडबाई घरी आली.

पेटीत एक काळी डबी होती, साबणाच्या वडीएवढी. ती कमरेला अडकवायची. तिच्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला चिमुकला माइक, तो कॉलरला लावायचा. आणि ऐकणाऱ्यांसाठी कान झाकणारे मोठाले हेडफोन. डबीवर एक बटण आणि एक दिवा. बस. माहितीचा कागद होता, पण त्यावरची अक्षरं मुंगीने चालता चालता काढल्यासारखी होती. आणि नवरा घरात असताना कुठल्याही यंत्राचा कागद वाचणं म्हणजे त्याचा अपमान.

"आण इकडे," तो म्हणाला. त्याने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"बोलू?" तिने विचारलं.

"थांब! हिरवा आहे अजून." त्याने पुन्हा बटण दाबलं. दिवा लाल झाला. "हां. आता बोल."

"लाल म्हणजे धोका ना रे?"

"ते रस्त्यावर. घरात लाल म्हणजे चालू. गिझर बघ. इस्त्री बघ. पाण्याची मोटर बघ. आपल्या घरात जे जे चालू असतं, ते ते लाल असतं."

"टीव्ही बंद केला की लाल लागतो," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

"आई, टीव्ही वेगळा!"

टीव्ही वेगळा का, हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. चाचणी सुरू झाली. सासूबाईंनी नुकतंच केसांना तेल लावलेलं, त्यामुळे त्या हेडफोन घालेनात. नवऱ्याला दिव्यावर लक्ष ठेवायचं होतं. राहिले सासरे. बाहेरच्या खोलीत त्यांना हेडफोन घालून बसवलं आणि आतल्या खोलीचं दार लावून गाइडबाईने कुलपांपासून शिलाई मशीनपर्यंत सगळी माहिती घडाघडा म्हणून दाखवली.

बाहेर येऊन तिने भीत भीत हातानेच विचारलं, कसं काय?

"वा! अगदी स्पष्ट," सासरे म्हणाले. "शब्द न् शब्द."

सासरे घरातले सगळ्यात समजूतदार गृहस्थ. कधी कुणाला उलटून बोलले नाहीत, कधी वाद घातला नाही. काहीही विचारलं की मान हलवून "हो हो, छान" म्हणत. त्यांच्या शब्दावर विसंबून ती झोपायला गेली, आणि दिवा लाल आहे ना, हे बघायला मधून मधून उठत राहिली.

दुसऱ्या दिवशी विश्वस्त आले. सगळे मोठ्या पदांवरून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या कपड्यांतले, हात मागे बांधून चालणारे. पुढे अध्यक्ष : उंच, टकलू, बारीक डोळ्यांचे. सर्वांत मागे क्युरेटर मॅडम, त्यांच्याही कानावर हेडफोन.

"तपासलंत ना?" मॅडमनी हळूच विचारलं.

"हो. घरी सगळं तपासलं."

तिने डबी बघितली. दिवा लाल. थरथरत्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. सर्वांना ऐकू येतंय ना?"

कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. पण अध्यक्षांच्या लक्षात आलं की बाईंनी काहीतरी विचारलंय, तेव्हा त्यांनी मान हलवली. अध्यक्षांनी हलवली म्हणताना उपाध्यक्षांनी हलवली. मग ज्याला त्याला वाटलं की बाकी सगळ्यांना ऐकू येतंय, आपलंच यंत्र बिघडलंय. आणि आपल्याला ऐकू येत नाही हे चारचौघांत सांगायचं ते वय नव्हे. सगळ्यांनी माना हलवल्या.

गाइडबाईच्या जिवात जीव आला. ती कुलपांवर भरभरून बोलली. आडणा कसा, खिट्टी कशी, किल्लीचे दाते कसे. विश्वस्त मन लावून तिच्या ओठांकडे बघत होते. पुढच्या दालनाकडे वळताना तिने नवऱ्याने शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं. हिरवा. म्हणजे बंद. मग तिने श्वास सोडला आणि तिची जुनी सवय सुरू झाली : घाबरलं की स्वतःशीच पुटपुटायची.

"झालं गं बाई एकदाचं. पाय नुसते लटलट कापतायत. आणि हे अध्यक्ष मान हलवतायत, की त्यांची मानच तशी आहे?"

मागे सगळी मंडळी एकदम दचकली. ती वळून बघते तो अध्यक्ष मान हाताने धरून उभे. (मोठ्या घड्याळाच्या ठोक्याला दचकले असतील, असं तिने मनाचं समाधान केलं. ते घड्याळ बंद होतं, हे तिच्या त्या वेळी लक्षात आलं नाही.)

घड्याळापाशी लाल करून तिने घड्याळ समजावलं. निघताना हिरवं करून पुटपुटली, "हा लाकडी राक्षस एक दिवस माझ्या डोक्यात पडणार. म्हणून मी आपली रोज भिंतीच्या त्या अंगाने जाते."

विश्वस्तांची अख्खी रांग गपकन भिंतीच्या त्या अंगाला झाली.

यांना कसं कळलं? तिने पुन्हा वळून पाहिलं. सगळे छताकडे बघत उभे, अगदी साळसूद.

इस्त्र्यांच्या दालनात शिरताना ती म्हणाली, "इथली दारातली फरशी हलते. सांगू का यांना? नको. म्हणतील, बाईला फरशीशिवाय काही येत नाही." आणि काय सांगावं! अध्यक्षांनी पँट किंचित वर धरून ती फरशी ओलांडली. त्यांच्यामागून उपाध्यक्ष. मागून एकेक जण, ओढा ओलांडावा तसा. दोघांनी तर हात धरून तिसऱ्याला पलीकडे घेतलं.

आता मात्र गाइडबाईला घाम फुटला. आज या माणसांना आपल्या मनातलं कळतंय! तिने मनात काही आणायचं नाही असं ठरवलं. पण घाबरलेल्या माणसाच्या मनात न आणलेलंच आधी येतं.

"मॅडम बघतायत. बघतात कशा, निकालाच्या दिवशी वडील बघायचे तशा. अगं आई गं, हात गळ्यावरून फिरवतायत! म्हणजे गेलीच आपली नोकरी. मेले मी."

मॅडम बिचाऱ्या 'बंद कर, बंद कर' अशी खूण करत होत्या. पुढे यायला धडपडतही होत्या. पण दालन अरुंद आणि मधे विश्वस्त. त्या एका बाजूने घुसू लागल्या, तसं अध्यक्षांनी त्यांना कोपराला धरून थांबवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. उपाध्यक्षांचे खांदे गदगदत होते. कोळशाच्या इस्त्रीत हसण्यासारखं काय आहे, हे गाइडबाईला काही केल्या उमजेना.

अशा अवस्थेत ती शेवटच्या वस्तूशी आली. पायाने चालवायचं शिलाई मशीन. लाल करून तिने कार्डावरची माहिती सांगितली : बनावट, वर्ष, चाक. सांगून झालं. दिवा हिरवा केला. आता काही उरलं नव्हतं. तिने मशीनवर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज कापला नाही.

"उद्यापासून इथे रेकॉर्ड वाजणार. तिला घाम नको की कोरड नको. पण तिला हे कुठलं दिसायला? ही पायपट्टी उजवीकडेच एवढी झिजलीय. म्हणजे ती बाई एकाच पायाने मशीन चालवायची. दुसऱ्या पायाने पाळणा हलवत असणार. कार्डावर नाही लिहिलेलं कुणी. मी रोज बघते आणि म्हणते, बाई, तुझं बाळ झोपलं का गं?"

कुणी हसलं नाही. कुणी हललंही नाही. आणि त्या शांततेत तिच्या पर्समधला फोन खणखणला.

ती एवढी दचकली की पर्स मशीनवर, फोन हातात. नवरा होता. दिवा हिरवा आहे ना, हे बघून तिने तोंडावर हात धरला.

"अरे, मी कामात आहे! विश्वस्त समोर आहेत!"

"ऐक, ऐक! तू अजून सुरू केलं नाहीस ना?"

"संपत आलं. का? काय झालं? गिझर फुटला?"

"गिझर नाही. बाबा. आईने आत्ता विचारलं, काल मशीनबद्दल सूनबाई काय म्हणाली? तर त्यांना काही सांगताच येईना. शेवटी कबूल केलं. त्यांना काल एक अक्षर ऐकू आलं नव्हतं!"

"बाबांना ऐकू येत नाही? कधीपासून?"

"ते नंतर. कमी येतं, ते कधी बोलले नाहीत. पण अगं, काल काहीच आलं नव्हतं! नुसती शांतता! मी आत्ता तो कागद भिंग लावून वाचतोय. लाल म्हणजे आवाज बंद."

"लाल म्हणजे बंद?" ती किंचाळली, म्हणजे तिच्या मानाने किंचाळली. "अरे, मग मी त्यांच्याशी बोलले ते सगळं... आणि मग हिरवा म्हणजे?"

तिने मान वर केली. इस्त्रीच्या कपड्यांतली ती सगळी वयस्क मंडळी, कानांवर हेडफोन, तिच्याकडे एकटक बघत उभी होती.

"चालू," अध्यक्ष अदबीने म्हणाले.

त्यानंतर नेमकं काय झालं, ते तिला नीट आठवत नाही. मॅडमनी पाणी पाजलं. कुणीतरी डबी कमरेवरून काढून घेतली. ती कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून राहिली आणि आत विश्वस्तांची बैठक चालली. आतून हसण्याचे आवाज येत होते, आणि प्रत्येक हसण्याला ती बाकावर थोडी थोडी सरकत होती. बैठक संपेपर्यंत ती बाकाच्या टोकाला पोचली होती.

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या.

"मॅडम, मी आजच सामान आवरते. तुम्ही काही बोलू नका. मी जाते."

"कुठे जाता? कायम केलंय तुम्हाला."

गाइडबाई बाकावरून पडायची राहिली. "पण मॅडम, त्यांना माहितीतलं काहीच ऐकू गेलं नाही!"

"हो. ते म्हणाले, माहिती कार्डावर आहेच. अध्यक्ष त्या मशीनपाशी परत जाऊन बसलेत. पायपट्टी बघतायत. रेकॉर्डचा विषय त्यांनी स्वतःच काढून टाकला." मग मॅडमनी आवाज उतरवला. "आणि मी निकालाच्या दिवशीच्या वडिलांसारखी बघते काय? बोलू आपण त्यावर सवडीने."

त्या संध्याकाळी घरी सगळे फार आनंदात होते. सासऱ्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. त्यांनी मान हलवून "हो हो, छान" म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी प्रथमच त्यांना तेच वाक्य परत म्हणून दाखवायला लावलं. नवऱ्याने स्वतःच्या शास्त्राबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त जाता येता तो गिझरकडे संशयाने बघत होता.

आता पुढचं सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. गाइडबाई कायम झाली, भीती पुष्कळ कमी झाली, कुठला दिवा कशाचा हे पाठ झालं. पुढच्याच आठवड्यात तिने पाहुण्यांच्या एका मोठ्या गटाला संबंध संग्रहालय दाखवलं. हिरव्या दिव्यावर, खणखणीत, कुठेही न अडखळता. आणि मधल्या वेळात लाल करून, मनसोक्त पुटपुटत. माहितीतला शब्द न् शब्द सगळ्यांना पोचला. तिचं तिलाच कौतुक वाटलं.

शेवटी गटातल्या एका आजीबाईंनी हेडफोन काढून तिच्या हातात दिला आणि प्रेमाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"छान हो, बाळ. तुमचे अध्यक्ष आमच्या शेजारी राहतात, ते म्हणाले म्हणून मुद्दाम आले. तू ओठातल्या ओठात काहीतरी फार मजेचं बोलत होतीस, दिसत होतं मला. पण ऐकू येईल तर शपथ! मधे मधे कुणीतरी सारखी कुलपांची माहिती सांगत होती."