अकरा रिकाम्या तोंडांचे बहुमत

झेलेनिक धरण सुरक्षित आहे की नाही, हे नियमानुसार बहुमताने ठरते. भिंतीतली गळती मोजणाऱ्या यंत्राला सेन्सर जोडायची सोळा तोंडे आहेत. निम्म्याहून अधिक तोंडांनी 'धोका' म्हटले, तरच भोंगा वाजतो. सेन्सर मात्र पाचच. उरलेली अकरा तोंडे रिकामी, आणि रिकामे तोंड कधी गप्प बसत नाही. शेजारी जे म्हणेल तेच म्हणते. त्यांचा शेजारी होता पाचवा सेन्सर, भिंतीच्या कोरड्या टोकाचा. त्यामुळे अकराही जण वर्षानुवर्षे 'सारे ठीक' सांगत आले. वार्षिक अहवालात त्यांच्या सातत्याचे कौतुकही झाले.

अभियंता झ्लातिनाची आई धरणाच्या पायथ्याशी राहायची. म्हणून फेब्रुवारीत झ्लातिनाने अकरा तोंडे तारेच्या तुकड्यांनी जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जोडून टाकली. आता ती शून्य दाखवत, आणि शून्य दाखवणारा नियमानुसार गैरहजर, म्हणजे मोजणीतून बाद. उरलेल्या पाचांत दोघे 'धोका' म्हणत होते.

"एकदम अकरा गैरहजर?" संचालक खारालांपिएव हळहळले. "किती शिस्तीचे होते गं!"

"साहेब, ते कशालाच जोडलेले नव्हते."

"मग? मी तरी कशाला जोडलेलो आहे?"

झ्लातिनाकडे लाल आणि पांढऱ्या अशाच तारा होत्या. त्याच पीळ घालून बसवलेल्या. एक मार्चला तिथल्या वसंताच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या कार्यालयाने मनगटाला लाल-पांढरे दोरे बांधले. करकोचा दिसला की ते सोडून फुललेल्या झाडाला बांधायचे. एकवीस तारखेला करकोचा आला. रखवालदार पेन्योकाकांनी आपला दोरा सोडला, साहेबांचा सोडला, आणि माणूस कर्तव्यदक्ष, यंत्राचेही अकरा सोडले.

"काका, काय करून ठेवलंत हे!"

"अगं, करकोचा आल्यावर ठेवतात का कुणी? वर्षभर नाट लागते. यंत्र झालं म्हणून त्याला सणवार नाही?"

"तारा कुठायत?"

"आलुबुखारच्या झाडाला. बघ जा, काय शोभतायत!"

ती नव्या तारा घेऊन आली, तर साहेब आडवे आले. "करकोच्यानंतर पुन्हा बांधायचं? वरून लेखी परवानगी आण."

परवानगी यायच्या आत तिसरा सेन्सर 'धोका' म्हणाला. पाचांत तीन असते तर भोंगा वाजलाच असता. पण अकरा तोंडे पुन्हा बोलू लागल्याने आता सोळांत तीन होते. हाताने भोंगा वाजवायला साहेबांची सही लागते, आणि बहुमताविरुद्ध सही करायला साहेब वेडे नव्हते. झ्लातिना धावत सुटली. गल्लीभर ओरडत तिने आईला दंडाला धरून टेकडीकडे ओढले.

"अगं, भोंगा कुठं वाजलाय?" आई कुरकुरली. "शेजारची स्तानका बघ, निवांत पाव भाजतेय!"

स्तानकाही आपल्या शेजाऱ्याकडे बघूनच थांबली होती. ती तिसऱ्या दिवशी गाळात सापडली.

सोळा सदस्यांच्या चौकशी समितीने दोष कुणाचाच नाही, असे तेरा विरुद्ध तीन मतांनी ठरवले.

तुमच्या गावावरचे धरण अर्थातच भक्कम आहे. तुम्हाला हे कुणी सांगितले? शेजाऱ्याने? आणि त्याला?