काही न करण्याचा पूर्वानुभव

वजनमापे निरीक्षकांनी पत्नीला परदेशी नेण्याचा निर्णय घेतला, तो रीतसर घेतला. आधी स्वतःपुढे प्रस्ताव ठेवला, मग त्यावर साधकबाधक विचार केला, मग स्वतःच मंजुरी दिली आणि एका रविवारी सकाळी पत्नीला तोंडी कळवलं. पत्नी तेव्हा एका हाताने शाळेचं वेळापत्रक लावत होती आणि दुसऱ्या हाताने गॅस बारीक करत होती. ती "बरं" म्हणाली.

निरीक्षक हा अत्यंत न्यायी माणूस. बाजारातले दुकानदार त्यांना पाहिलं की आधी तराजूवरची धूळ पुसत, मग कपाळावरचा घाम. त्यांनी आयुष्यात कोणाकडून फुकट खडीसाखरसुद्धा घेतली नाही, आणि विकत आणलेली साखर घरी पुन्हा तोलल्याशिवाय डब्यात जाऊ दिली नाही. त्यांची पत्नी एका मोठ्या शाळेत वेळापत्रकाच्या बाई. कोणत्या वर्गावर कोण, कोण आजारी, कोण आजारी असल्याचं सोंग करतंय आणि त्याच्या जागी कोणाला पाठवायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कोणीच मिळालं नाही की त्या स्वतः जात. बहुधा कोणीच मिळत नसे. घरातही पद्धत हीच होती, फक्त घरात बदली शिक्षक एकच होता.

"हे बघ," निरीक्षक म्हणाले, "चार दिवसांची सहल. तिथे जुन्या तराजूंचं एक संग्रहालय आहे. ते मला बघायचंय. आता तू तुझं सांग. निम्मी सहल तुझी."

"मला काही नाही बघायचं."

"असं कसं? काहीतरी असेलच की."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. हे त्या सहसा करत नसत. "मला समुद्राकडे तोंड करून एका बाकावर बसायचंय. काही करायचं नाही. कोणी मला काही विचारायचं नाही, हाक मारायची नाही. बस, एवढंच. पण एवढं खरंच हवंय मला."

इथेच माशी शिंकली. निरीक्षक स्वार्थी असते तर बायकोला बाकावर सोडून आपण संग्रहालयात गेले असते, आणि संसारातली एक सहल सुखाची झाली असती. पण ते न्यायी होते. त्यांनी मनातल्या मनात एका पारड्यात संग्रहालय ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात 'काही नाही' ठेवलं. दुसरं पारडं वर गेलं ते गेलंच.

"हा तुझ्यावर अन्याय होतोय," ते म्हणाले.

"होऊ दे की."

"माझ्या घरात? मापात पाप? ते चालायचं नाही."

तेव्हा बाईंच्या वाट्याला आलेल्या 'काही नाही'त काहीतरी घालून ते पारडं जमिनीला टेकवण्यासाठी दोघं एका प्रवासी कंपनीत गेले. तिथे भिन्न आवडींच्या जोडप्यांसाठी 'दांपत्य अभिरुची समन्वय कक्ष' नावाची काचेची खोली होती. खोलीत प्लॅस्टिकचं झाड होतं, आणि कोणीतरी त्याला पाणी घालत असल्यामुळे कुंडीखाली डबकं साचलं होतं. सल्लागार मुलगी गोड होती. तिने निरीक्षकांची आवड 'वारसा आणि इतिहास' या रकान्यात टाकली आणि बाईंकडे वळली.

"आणि मॅडम, तुम्हाला?"

"काही न करणं."

मुलीने पडद्यावर वरपासून खालपर्यंत शोधलं. साहस होतं, खरेदी होती, निसर्ग होता, अध्यात्म होतं. काही न करणं नव्हतं.

"मग ते रिकामं ठेवा," बाई म्हणाल्या.

"रिकामं ठेवता येत नाही मॅडम. लाल होतं."

लाल होऊ नये म्हणून बाईंना 'स्वास्थ्य' या सदराखाली 'निवांत अनुभव' देण्यात आला. या अनुभवात पहाटे सामूहिक श्वसन होतं. त्यानंतर अनवाणी पावलांनी वाळूची ओळख होती. बाक होता, पण तो किनारा संरक्षित असल्यामुळे बाकावर बसताना परवानाधारक मार्गदर्शक सोबत असणं बंधनकारक होतं.

"तो काय करणार?"

"तो तुम्हाला शांततेबद्दल माहिती सांगेल."

"म्हणजे बोलणार?"

"छापील पण देईल," मुलगी म्हणाली. बाईंचा चेहरा पाहून तिने समजुतीने विचारलं, "वाचायचं नसेल तर कानात घालून ऐकायची सोय आहे. ती लावू का?"

निरीक्षक मात्र खूश झाले. पारडं हललं होतं. पण घरी येऊन त्यांनी पुन्हा हिशेब मांडला तर नवाच घोटाळा. श्वसन, वाळू, बाक आणि मार्गदर्शक मिळून बाईंचं पारडं आता जड झालं होतं, आणि अन्याय निरीक्षकांवर होत होता. न्याय हा न्याय असतो, अन्याय आपल्यावर झाला म्हणून तो सोडायचा नसतो. त्यांनी आपल्या बाजूला मोजपट्ट्यांचा एक कारखाना आणि एक घड्याळाचा मनोरा टाकला. मनोऱ्याला लिफ्ट नव्हती, तेव्हा मग बाईंच्या बाजूला पाय चोळून घेण्याचा कार्यक्रम आला. तो महाग निघाला, म्हणून निरीक्षकांच्या बाजूला बंदरातला मोठा वजनकाटा आला. असं करत करत सहल दोन्ही बाजूंनी इतकी समतोल झाली की जेवायला जागा राहिली नाही.

शिवाय कंपनीच्या दांपत्य योजनेची अट अशी होती की जोडीदाराच्या आवडीत जोडीदाराने सहभागी व्हायलाच हवं. नाहीतर तिला जोडप्याची सहल म्हणता येत नव्हतं, दोन सुटी माणसं म्हणावं लागलं असतं, आणि सुट्या माणसांना न्याहारी वेगळी होती.

"म्हणजे मी कारखान्यात यायचं?" बाईंनी विचारलं.

"आणि मी बाकावर बसायचं. तुझ्या शेजारी."

"तुम्ही गप्प बसाल?"

"अगदी गप्प. फक्त मधेमधे विचारत जाईन, बरं वाटतंय ना म्हणून."

हे सगळं चार दिवसांत कोंबायचं कोणी, असा प्रश्न आला तेव्हा निरीक्षकांना जराही विचार करावा लागला नाही. "तुझ्याइतकं चांगलं वेळापत्रक कोणाला लावता येतं?" ते कौतुकाने म्हणाले, आणि ते कौतुक खरं होतं. त्या दिवसापासून बाई शाळेचं वेळापत्रक संपवून संध्याकाळी काही न करण्याचं वेळापत्रक लावायला बसू लागल्या. एकदा त्यांनी गुपचूप एक तास मोकळा सोडला. निरीक्षकांच्या नजरेतून तो सुटला नाही. शाळेतही मोकळा तास कोणाच्या डोळ्यांतून सुटत नाही, हे बाई विसरल्या होत्या.

बातमी निरीक्षकांच्या थोरल्या बहिणीपर्यंत गेली. तिला सगळे आक्का म्हणत. आक्कांनी वहिनीला फोन केला. "समुद्रावर नुसती बसणार म्हणे तू? बाई गं, माणसाच्या हाताला काही नको का? मी लोकर पाठवते. नातवाचा स्वेटर होऊन जाईल तेवढ्यात." संध्याकाळी लोकर आली. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. बाईंनी लोकर कपाटात ठेवली, कपाट बंद केलं आणि कपाटालाच पाठ टेकून जरा वेळ उभ्या राहिल्या. तेवढ्यात आतून हाक आलीच. त्यांना रडू येत होतं आणि रडायचीही सवड नव्हती.

तरीही त्यांनी हे सगळं चालवून घेतलं, कारण त्या सगळ्याच्या तळाशी एक बाक होता. मार्गदर्शक असो, नवरा असो, बाक तर होता. समोर समुद्र तर होता. दोघंही गप्प होतील असा एखादा क्षण येईलच की, असा त्यांचा हिशेब होता.

मग व्हिसा. घरातून निघताना निरीक्षकांनी पढवलं होतं, "काय करणार विचारलं तर संग्रहालय बघणार म्हणून सांग. साधं, सरळ." काचेमागच्या अधिकाऱ्याने आधी निरीक्षकांना बोलावलं. परदेशी तराजू पाहायला चाललेला वजनमापे निरीक्षक म्हटल्यावर अधिकाऱ्याला गहिवरून आलं. अशी माणसं हल्ली राहिली नाहीत, असं तो म्हणाला आणि शिक्का मारला. मग बाई पुढे झाल्या.

"तिथे जाऊन नेमकं काय करणार?"

बाईंना पाठ केलेलं उत्तर येत होतं. पण त्या दिवशी शाळेत तीन शिक्षक आले नव्हते, त्या सकाळपासून उभ्या होत्या, आणि इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी नुसता विचारला होता. "काही नाही," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. कामाला जात असून फिरायला चाललोय म्हणणारी माणसं तो रोज पकडत असे. पण काही न करायला चाललेलं माणूस त्याच्या नोकरीत कधी आलं नव्हतं.

"काही न करायला एवढ्या लांब? इथेच का नाही करत?"

"इथे जमत नाही."

"का?"

"इथे माणसं आहेत."

"माणसं तिथेही आहेत."

"ती मला ओळखत नाहीत."

हे शेवटचं वाक्य अधिकाऱ्याने जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. मग अतिशय सभ्यपणे सांगितलं, "बाई, आमचा तुमच्यावर अविश्वास नाही. पण काही न करणं हे तुम्हाला खरोखर जमतं, आणि जमल्यावर तुम्ही उठून परतही येता, याची आम्हाला खात्री हवी. यापूर्वी कधी काही न करता बसला असाल तर तसा दाखला आणा. एक कामाच्या ठिकाणचा, एक घरचा."

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक उडालेच. "तुम्ही इथे रिकाम्या बसला होतात असं मी लिहून देऊ? उद्या माझीच चौकशी लागेल. आणि हो, रजा मी परदेशी जायला दिली आहे, रिकामं बसायला नाही." पण माणूस मनाचा चांगला. बाईंना विन्मुख कसं पाठवायचं म्हणून त्यांनी एक दाखला दिलाच: सदर बाई नोकरीला लागल्यापासून क्षणभरही स्वस्थ बसल्याचं निदर्शनास आलेलं नाही. खाली सही आणि गोल शिक्का.

घरचा दाखला निरीक्षकांनी लिहायचा होता. ते बराच वेळ कोऱ्या कागदाकडे बघत बसले.

"लिहा ना," बाई म्हणाल्या. "बसली होती एकदा म्हणून लिहा. कोण येतंय तपासायला?"

"खोटं वजन देऊ?"

"एकदाच द्या. माझ्यासाठी."

निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोवर त्यांचं प्रेम होतं, यात काडीची शंका नको. त्यांनी आठवून पाहिलं. लग्न झालं तिथपासून आठवलं, आजारपणं आठवली, सुट्ट्या आठवल्या. मग खाली मान घालून सत्य तेच लिहिलं: माझी पत्नी कधी स्वस्थ बसलेली मी पाहिलेली नाही.

व्हिसा नाकारला गेला. कारण स्वच्छ अक्षरांत होतं: अर्जदारास काही न करण्याचा पूर्वानुभव नाही.

निरीक्षक सहल रद्द करायला निघाले. बाईच म्हणाल्या, "तुम्ही जा हो. तुमचा तराजूंचा योग कशाला घालवता?" हे बोलताना त्यांच्या आवाजात एक बारीकशी लकेर होती. रजा मंजूर होती. नवरा परदेशात. घर रिकामं. समुद्र नसला तर नसला, खिडकी होती. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या स्वतःशीच हसल्या.

निरीक्षक गेले. बाईंनी खुर्ची खिडकीशी ओढली, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले आणि डोळे मिटले. फोन वाजला. मुख्याध्यापक होते. "परदेशी गेला नाहीत असं कळलं. रजा प्रवासासाठी होती, प्रवास झाला नाही, सबब रजा आपोआप रद्द होते. नियम तुम्हाला माहीतच आहे, रजेचं वेळापत्रक तुम्हीच लावता. सातवीच्या वर्गावर कोणी नाहीये." बाई उठल्या. दारात आक्का उभ्या होत्या. वहिनी एकटी पडली म्हणून त्या सोबतीला राहायला आल्या होत्या, आणि त्यांना दुपारी पोळ्या गरम लागत.

तिकडे निरीक्षकांनी कोणावरही अन्याय होऊ दिला नाही. संग्रहालय पाहिलं, मनोरा चढले आणि मग बायकोच्या वाट्याचंही सगळं प्रामाणिकपणे पार पाडलं. पहाटे श्वास घेतले, वाळूची ओळख करून घेतली, मार्गदर्शकाचं ऐकून घेतलं आणि ठरलेला पूर्ण वेळ बाकावर बसून राहिले. तिथून त्यांनी फोटो पाठवला: समोर निळा समुद्र, बाकावर निरीक्षक, शेजारी जागा मोकळी. खाली लिहिलं होतं, 'तुझ्या वतीने बसलो आहे. फार बरं वाटतंय.' बाईंनी तो सातवीच्या वर्गात, फळ्याकडे पाठ करून पाहिला. त्या पोरांसमोर रडल्या नाहीत. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि खडू उचलला.

तो फोटो आता प्रवासी कंपनीच्या त्या काचेच्या खोलीत मोठा करून लावला आहे. येणारी जोडपी तो पाहतात. किती समजूतदार नवरा, असं बायका म्हणतात, आणि नवरे मान डोलावतात.

तुम्हालाही निरीक्षकांचा राग आला असेल. यायलाच हवा, तुम्ही विचारी माणसं. पण ही गोष्ट तुम्ही पहिल्या ओळीपासून इथवर एका बैठकीत वाचलीत, मधे कोणी उठवलं नाही. एवढ्या वेळात तुमच्या घराचं दार वाजलं असेल, दूध वर आलं असेल, कोणीतरी कोणालातरी हाक मारली असेल. त्या हाकेला ओ कोणी दिली, ते जरा मान वर करून बघा. आणि बघितलंच आहे, तर चहाचंही सांगून टाका.