घरच्या दोनशे बारा माणसांपुरतं गुपित

मला विचाराल तर शिरूर अनंतपाळ तालुक्यात माझ्याइतकं भराभर लिहिणारा माणूस दुसरा नाही! गादी, गिझर, गुडघेदुखी, गृहकर्ज, विषय काहीही द्या, दीड तासात आठशे शब्द तयार! घरी बसून ऑनलाइन कंटेंट लिहितो मी. अडचण एकच. काम येतं तेव्हा जेवायला सवड नसते आणि जातं तेव्हा महिनाभर नुसता ईमेल उघडायचा आणि बंद करायचा. मार्चमध्ये माझ्याकडे चार क्लायंट होते. एप्रिलमध्ये चौघेही आपसांत ठरवल्यासारखे गायब झाले.

म्हणून पुण्याच्या एका एजन्सीतून शिल्पा मॅडमचा फोन आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभ्यानेच बोललो. आरोग्याच्या वेबसाइटसाठी सहा महिने पक्कं काम! आठवड्याला पाच लेख! सोमवारी करारावर सही. अट एवढीच, की लेख त्या वेबसाइटच्या डॉ. सुकन्या यांच्या नावाने जाणार आणि ते मी लिहिले हे कुणालाही कळता कामा नये.

"मॅडम, माझ्या पोटातली गोष्ट ओठावर येत नाही!" मी छाती पुढे काढून सांगितलं.

नमुन्याचा पहिला लेख लिहिला, 'बाळंतपणानंतर माझे केस गळायचे कसे थांबले'. मी अविवाहित, वय एकोणतीस, डोक्यावर केस बेताचेच. पण काय उतरला होता लेख! वाचून माझेच डोळे पाणावले. शनिवारी तो वेबसाइटवर झळकला.

आता एवढं झकास लिहिलेलं कुणाला तरी दाखवावंसं वाटणारच की! माझे वडील, रामलिंग अप्पा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. लग्नकार्यात सगळे आपापल्या पोरांची कौतुकं सांगायचे तेव्हा अप्पा मुकाट जिलेबी खायचे. ते मला लागायचं. मी त्यांच्या मोबाइलवर लेखाची लिंक पाठवली.

अप्पांनी चष्मा पुसून लेख शेवटपर्यंत वाचला.

"ही डॉक्टरीण कोण?"

"नाव तिचं. लिहिलंय मी."

"तुझं नाव कुठंच न्हाई?"

"नसतंच ते. आणि अप्पा, बाहेर कुणाला बोलू नका हां!"

"बाहेर कशाला बोलतो? येडा हाय का मी?"

बाहेर ते खरंच बोलले नाहीत. त्यांनी फक्त घरच्यांना सांगितलं. आमच्याकडे घरचे म्हणजे अख्खी भावकी, लेकीजावयांसकट, आणि तिचा व्हॉट्सअॅप ग्रुप दोनशे बारा जणांचा. अॅडमिन अप्पा! लिंकखाली त्यांनी लिहिलं, "हे आपल्या आदिनाथचं काम. सर्वांनी तिथं जाऊन अभिनंदन करावं."

आमच्या ग्रुपवर अभिनंदन म्हटलं की कशाचं हे विचारायची पद्धत नाही. रविवारी सकाळी बघतो तर लेखाखाली शंभरावर कॉमेंट! "हार्दिक अभिनंदन आदिनाथ!" "कुळाचं नाव काढलास!" चन्नबसप्पा काकांनी सतरा वेळा जोडलेले हात टाकले होते. उदगीरच्या बसवराज भाऊजींनी नुसता मथळा वाचला असावा. "बाळ-बाळंतीण सुखरूप का? मुलगा का मुलगी?" त्याखाली तीस जणांनी बाळाला आशीर्वाद देऊन टाकले होते!

मी ओरडतच ओसरीवर आलो. "अप्पा! काय केलंत हे?"

"किती झाले?" त्यांनी अभिमानाने विचारलं. "निलंग्याचे अजून उठले न्हाईत."

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. पहिल्या एसटीने उदगीरहून रत्नम्मा आत्या आली होती. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, काखेत झबली-टोपडी!

"लगीन कवा केलास रे मुडद्या? आन् बाळंतीण कुठं लपवलास?"

"आत्या, बाळंतीण मीच आहे!" घाईत माझ्या तोंडून गेलं.

आत्या मटकन खाली बसली. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. शिल्पा मॅडम!

"आदिनाथ, काय चाललंय हे? डॉक्टरांना त्यांचे पेशंट बाळाचं नाव विचारतायत! उद्याची सही विसरा."

सहा महिन्यांचं काम गेलं हो, डोळ्यांदेखत! मी नुसता "मॅडम, मॅडम" करत राहिलो. अप्पांनी माझ्या हातून फोन काढून घेतला.

"म्याडम, मी त्याचा बाप बोलायलोय. चूक माझी हाय, त्याची न्हाई. त्यानं बजावलं होतं, मलाच ऱ्हावलं न्हाई. लई वर्सं दुसऱ्याच्या पोरांची कौतुकं ऐकली, येकदा आपल्या पोराचं करावं वाटलं. लेख वाईट हाय का, तेवढं सांगा."

मी फोनजवळ कान नेला. मग मॅडम म्हणाल्या, "लेख उत्तम आहे."

"मग झालं!" म्हणून अप्पांनी फोन मला परत दिला.

खरं सांगतो, त्या घडीला करार गेल्याचं दुःख मला उरलंच नाही. माझा बाप माझ्या लेखासाठी असा उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ऊर भरून आला. आत्यासुद्धा डोळे पुसत होती, पण ती बहुधा बाळ नसल्यामुळे.

मग अप्पांनी ग्रुपवर एकच ओळ टाकली, "आपापलं अभिनंदन परत घ्यावं." दुपारी बारापर्यंत लेखाखाली एकही कॉमेंट उरली नाही!

सोमवारी मॅडमचा पुन्हा फोन. "एका शब्दावर माणसं येतात काय, एका शब्दावर जातात काय! आमच्या वाचकांचे ग्रुप सांभाळायला असाच माणूस आम्ही शोधत होतो. सहा महिन्यांचा करार पाठवते."

मी उडालोच! "मॅडम, आत्ता सही करून पाठवतो!"

"तुम्ही नाही हो. वडिलांची सही घ्या."

तर आता आमच्या घरात पक्कं काम आहे, अप्पांना. रोज सकाळी वाचकांसाठी आरोग्यावर चार शब्द टाकायचे असतात. ते मी लिहून देतो, खाली नाव त्यांचं. परवा एका बाईंनी लिहिलं, "अप्पा, तुमच्या लेखणीला तोड नाही!" अप्पांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाले, "ह्या बाईचे आभार मानायचेत. जरा झकास लिहून दे."