कोटाच्या पाठीवरची पाच चक्रं

टेलरमास्तरांचा टेपशिवाय कशावरच विश्वास नव्हता, आणि म्हणूनच हा सगळा घोळ झाला. योगवर्गातल्या बाईंनी सांगितलं, की कण्याच्या बाजूने सूक्ष्म शरीराची सात चक्रं असतात आणि प्राण त्यांतून खालून वर चढतो. बाकीची मंडळी माना डोलावून घरी गेली. मास्तरांना मात्र प्रश्न पडला, की खालून वर म्हणजे नेमके किती इंच?

स्वतःच्या पाठीवर काही खुणा करता येईनात. पण दुकानात टेबलावर डॉक्टरांच्या कोटाची पाठ कापून पसरलेली होती, आणि डॉक्टरांचं माप मास्तरांच्या मापाशी तंतोतंत जुळत होतं. (पोटाचंसुद्धा. पण तो विषय दोघंही काढत नसत.) मास्तरांनी खडू घेतला आणि मूलाधारापासून मानेपर्यंत पाच फुल्या मारल्या. उरलेली दोन चक्रं भुवयांमध्ये आणि टाळूवर, म्हणजे कॉलरच्या वर. तिथे शिंप्याचं काही चालत नाही. मग त्या जागा मनात धरून ते मागच्या खोलीत आसनावर जाऊन बसले.

आता या दुकानात वीस वर्षं एकच रीत होती. मास्तर जिथे फुली मारतील तिथे त्यांची बायको काज करणार. तिने फुल्या पाहिल्या आणि ती दारात आली.

"अहो, पाठीवर काजं करायची?"

बोलल्याने प्राण खर्च होतो, असं बाईंनी बजावलं होतं. मास्तरांनी डोळे मिटूनच, गप्प राहा म्हणून पंजा दाखवला. तिने बोटं मोजली. पाच. हिशेब जुळला.

तासाभराने मास्तर मोठ्या प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले, आणि पाहतात तो टेबलावर प्रत्येक फुलीच्या जागी एकेक काज. संध्याकाळी सहाला डॉक्टरांचा निरोपसमारंभ होता. दोन्ही मुलांच्या आजारपणात बोलावल्याबरोबर घरी धावून आलेला हा माणूस आता पाठीवर पाच सुबक काजं घेऊन व्यासपीठावर चढणार होता.

"अगं, पाठीवर कोण बटणं लावतं?"

"मला वाटलं, डॉक्टर आहेत, असेल काही पट्ट्याबिट्ट्याची सोय. आणि तुम्हाला विचारलं होतं की."

"हलवून विचारायचंस."

तिने कापडावरचा खडू झटकला. "तुमच्या कपाळावरची आठी गेली होती. किती वर्षांनी गेली. मला नाही उठवावंसं वाटलं."

मास्तरांचा गळा दाटून आला. (विशुद्ध चक्र तिथेच असतं, पण या वेळी त्यांना त्याची आठवण झाली नाही.)

"कापड उरलंय ना?" तिने विचारलं.

"उरलंय. म्हणजे, मी त्याच्यावर बसतोय."

उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत करायचं असतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पण आसनाला खोळ हवी होती. त्यांनी निमूटपणे खोळ उसवली. तिने ती झटकली, त्यांनी कापली, आणि दोघांनी जेवणखाण विसरून नवी पाठ जोडली. शेवटचा टाका तोडायला आणि डॉक्टर दारात यायला एकच गाठ पडली.

बायकोने कोट आत नेला आणि दोन मिनिटांत तयार करून आणला. डॉक्टरांनी तो चढवला. आरशात पाहिलं. खांदे हलवले आणि एकदम थबकले. मास्तरांचा जीव टांगणीला लागला.

"मास्तर, इतके कोट घातले, पण असं कधी वाटलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "पाठीत काहीतरी ऊब वर चढतेय."

मास्तरांची छाती फुगली. तीन आठवडे रोज ते त्या कापडावर बसले होते.

"ऐकलंस?" ते बायकोच्या कानात पुटपुटले. "साधना मुरलीय त्यात."

"इस्त्री आहे," ती म्हणाली. "आत्ताच फिरवलीय."